तीनशे वर्षांचं टिपाड

माझ्या लहानपणी खानदेशातल्या पारोळ्यात टिपाड नसलेलं घर सापडणं कठीण होतं. तेलाचं रिकामं झालेलं दोनशे लिटरचं लोखंडी पिंप, आतून राखेने घासलेलं, बाहेरून निळा रंग मारलेलं, मोरीजवळ उभं. नळाला पाणी यायचं त्या दिवशी ते भरून घ्यायचं आणि पुढचे दिवस त्यातल्या पातळीवर डोळा ठेवून काढायचे. चार-पाच वर्षांत तळ गंजायचा. फरशीवर तांबूस ओघळ दिसू लागला तरी आजी ते भंगारवाल्याला देत नसे. टिपाड उन्हात पालथं घालून वाळवायचं, पोटातला गंज खरवडायचा आणि तळाशी दोन बोटं जाड सिमेंटचा थर द्यायचा. वर ओलं गोणपाट टाकून आठवडाभर ते रोज भिजवायचं. मग टिपाड पुन्हा पाणी धरायचं. पुढे कधीतरी खालचा पत्रा पुरता झडायचा, हात लावला तर पापुद्र्यासारखा निघून यायचा, आणि आतली सिमेंटची थाळी मात्र जशीच्या तशी असायची.

पुढे अणुऊर्जेच्या कचऱ्याविषयी वाचू लागलो तेव्हा हेच टिपाड मला पुन्हा भेटलं. आपल्या तारापूरला तेच, फ्रान्समधल्या ओब परगण्यात तेच, जपानमध्ये रोक्काशोला तेच. दोनशे लिटरचं, अंगावर दोन फुगीर कड्या असलेलं. आत पाण्याच्या जागी सिमेंट आणि त्या सिमेंटात कालवलेला किरणोत्सारी गाळ. तिथेही पत्रा काही दशकांत गंजणार, हे धरूनच चाललेले असतात. भरवसा आतल्या घट्ट झालेल्या गोळ्यावर आहे, आणि तो तीनशे वर्षांचा आहे.

तीनशे वर्षं म्हणजे किती, हे पारोळ्याच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. गावात उभा असलेला भुईकोट किल्ला जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी १७२७ साली बांधला असं सांगतात. २०२७ मध्ये त्याला तीनशे पुरी होतील. एका टिपाडाकडून आपण नेमकं काय मागतो आहोत, ते मला या किल्ल्याच्या तटापाशी उभं राहिलं की कळतं.

आधी कचरा कोणता ते सांगतो, कारण इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. अणुभट्टीत जळालेल्या इंधनातून निघणारा अतितीव्र कचरा वेगळा. तो काचेत वितळवून बंद करतात आणि त्याचा हिशेब हजारो वर्षांचा असतो. टिपाडातला कचरा रोजच्या कामातून निघतो. हातमोजे, पोतेरी, बुटांवर चढवायच्या कापडी पिशव्या, हवा गाळायच्या जाळ्या, यंत्रं धुतलेलं पाणी, ते पाणी शुद्ध करणारे रेझिनचे मोहरीएवढे मणी. आकाराने हाच कचरा सगळ्यात जास्त, आणि एकूण किरणोत्सारातला त्याचा वाटा फार थोडा. सुका माल दाबून नाहीतर जाळून लहान करतात. पाण्याचं काम मात्र पारोळ्यातल्या कुठल्याही बाईला लगेच समजेल. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की साका खाली बसतो आणि वर निवळी राहते. तिथे तुरटीच्या जागी दुसरी रसायनं असतात. सीझियम धरायला तांब्याचं फेरोसायनाइड, स्ट्रॉन्शियम धरायला बेरियम सल्फेट किंवा कॅल्शियम फॉस्फेट. वरचं पाणी तपासून सोडून देतात. खाली बसलेला चिखल टिपाडात जातो.

त्या चिखलात दोन मुख्य कैदी असतात. सीझियम-१३७ दर तीस वर्षांनी निम्मं होतं, स्ट्रॉन्शियम-९० दर एकोणतीस वर्षांनी. निम्म्याचं निम्मं, त्याचं पुन्हा निम्मं, असं दहा वेळा झालं की मूळच्या एक हजार चोवीसाव्या भागाइतकं उरतं. तीस गुणिले दहा. तीनशेचा आकडा इथून आला आहे. जगभरच्या नियमपुस्तकांत तो थोड्याफार फरकाने सापडतो, आणि त्याच्यामागे एवढं साधं गणित आहे.

आता टिपाडाचं मूळ. हे पिंप अमेरिकेतलं आहे आणि त्याच्या वंशावळीत एका बाईचं नाव लागतं. नेली ब्लाय ही पत्रकार १८८९-९० मध्ये बहात्तर दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आली म्हणून जगाला ठाऊक आहे. नवऱ्यामागे तिने त्याचा पत्र्याची भांडी बनवणारा कारखाना चालवला. त्या कारखान्यातला हेन्री वेहरान याने १९०५ साली गळती न होणाऱ्या पोलादी पिंपाची पेटंटं घेतली आणि त्यांचे हक्क तिच्याकडे आले. आधी तेल लाकडी पिंपांतून जायचं आणि वाटेत झिरपायचं. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल वाहून नेणारं हे पिंप पृथ्वीच्या पाठीवर सगळीकडे पोचलं. युद्ध संपलं तेव्हा रिकाम्या पिंपांचे डोंगर उरले होते, आणि त्याच सुमाराला अणुबाँबच्या कारखान्यांतून एक नवा कचरा बाहेर पडू लागला होता. कचरा पिंपात जाणं मग ओघानेच आलं. त्यासाठी कुणी फार खोल विचार केला होता असं मला वाटत नाही.

सिमेंट त्या पिंपात शिरलं ते वजन म्हणून. १९४६ पासून अमेरिकेने हा कचरा समुद्रात बुडवायला सुरुवात केली. सॅन फ्रान्सिस्कोसमोरच्या फॅरालॉन बेटांजवळ १९७० पर्यंत सुमारे ४७,५०० पिंपं टाकली गेली. ब्रिटनने १९४९ ते १९८२ या काळात अटलांटिकमध्ये तेच केलं. नुसतं पिंप समुद्रावर तरंगलं असतं. ते सरळ तळाला जावं आणि जाताना पाण्याच्या दाबाने चेपून फुटू नये म्हणून आत काँक्रीट ओतायचे. आजच्या टिपाडाचा आजा हा असा आहे: विहिरीत सोडलेल्या घागरीच्या गळ्याला बांधलेला दगड. तळाशी गेल्यावर कचऱ्याला धरून ठेवणं हे तेव्हा सिमेंटचं काम नव्हतंच. समुद्र मोठा आहे, विरून जाईल, एवढाच त्यामागचा विचार होता. १९७२ च्या लंडन कराराने त्याला लगाम घातला, १९८३ मध्ये स्वेच्छेची बंदी आली आणि १९९३ मध्ये पूर्ण बंदी.

जमिनीवर तरी काय चाललं होतं? चर खणायचा, पिंपं आणि खोकी आत लोटायची, वर माती ओढायची. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या मॅक्सी फ्लॅट्सला १९६३ पासून असं केलं. खालची जमीन चिकणमातीची, पाणी न मुरणारी, म्हणून जागा उत्तम समजली गेली. पण वरून भरलेली माती सैल होती. पावसाचं पाणी वरून आत जायचं आणि खाली वाट नसल्याने साचून राहायचं. चर न्हाणीघरातल्या हौदासारखे भरले आणि काठावरून वाहू लागले. कचऱ्यातलं किरणोत्सारी द्रव्य बाहेर सापडलं आणि १९७७ मध्ये ती जागा बंद झाली.

हे वाचताना मला आमच्याकडचं पेव आठवलं. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, आत कडबा आणि भुसा लावून भरलेलं धान्य, वर माती आणि शेणाचा लेप. पेवाला सगळ्यात मोठं भय पाण्याचं. म्हणून ते गावातल्या उंचवट्यावर खणायचे आणि तोंडावर मातीची अशी पाठ काढायचे की पाऊस चारी बाजूंनी उतरून जावा. चांगल्या पेवाला हवं असलेलं सगळं चांगल्या चरालाही हवं असतं. मॅक्सी फ्लॅट्सच्या इंजिनिअरांना जे चौदा वर्षांनी उमगलं ते पेव खणणाऱ्याला आधीपासून माहीत होतं, असं मी म्हणणार नाही. दोन्हींत फार अंतर आहे. पण पाणी वरून येतं आणि बाहेर जायला वाट शोधतं, हे दोन्हीकडे सारखंच आहे.

त्या फजितीतून टिपाडातल्या सिमेंटचा हुद्दा बदलला. १९८२ मध्ये अमेरिकेने नियम केला की या वर्गातला जास्त तीव्र कचरा स्वतःच्या बळावर तीनशे वर्षं आकार धरून राहिला पाहिजे. खचता कामा नये, विरघळता कामा नये. फ्रान्समध्ये मांश किनाऱ्यावरचं केंद्र १९६९ ते १९९४ चाललं. तिथे ५,२७,००० घनमीटर कचरा ठेवला आहे आणि देखरेखीचा काळ तीनशे वर्षांचा धरला आहे. १९९२ मध्ये उघडलेल्या ओबच्या केंद्रात पिंपं काँक्रीटच्या कोठ्यांत रचतात आणि मधल्या फटींतही काँक्रीट किंवा खडी भरतात. वजन म्हणून आलेलं सिमेंट आता कैदखान्याची भिंत झालं होतं.

या भिंतीचं कूळ शोधत गेलं की वाट पारोळ्याच्या तटाशी येते.

आमच्या वाड्याची मागची भिंत दुरुस्त करायला एक म्हातारे गवंडी यायचे. सिमेंट सर्रास मिळत असूनही जुन्या चुन्याच्या भिंतीला ते सिमेंट लावू देत नसत. अंगणात खड्डा करून चुनकळी भिजत घालायचे. पाणी पडलं की ती फसफसून उकळायची, वाफ निघायची, आम्हा पोरांना दूर हाकलायचे. मग तो चुना कित्येक दिवस ओला ठेवायचा. आम्ही रोज विचारायचो, झाला का? ते म्हणायचे, "चुनाले घाई चालत नही, भो." नंतर त्यात विटांची पूड, म्हणजे सुरखी, मिसळायची आणि मळत बसायचं. त्यांच्या बोटांची कातडी चुन्याने भेगाळलेली असायची. मोठ्या कामाला पूर्वी हे मळण्यासाठी बैलाची घाणी असे: दगडी गोल चर, त्यातून फिरणारं दगडी चाक. अनेक किल्ल्यांवर ते चाक अजून पडलेलं दिसतं. चुन्यात कुठे गूळ, कुठे हिरडा, कुठे उडदाचं पाणी घालायचे, ज्याची त्याची रीत.

सगळ्यात मोठी करामत मात्र सुरखीची आहे. नुसता चुना हवेतून कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा चुनखडी होतो. ते काम वरून आत, फार हळू चालतं आणि पाण्याखाली होतच नाही. भाजलेल्या मातीत सिलिका आणि ॲल्युमिना असतात. चुना त्यांना धरतो आणि पाण्याच्या संगतीने कॅल्शियम सिलिकेटचा डिंकासारखा पदार्थ तयार होतो. हा डिंक पाण्याखालीही घट्ट होतो. रोमन लोकांना हेच काम ज्वालामुखीच्या राखेने करून दिलं. पोत्सुओली गावाजवळच्या त्या राखेवरून अशा सगळ्या पदार्थांना पोझोलाना नाव पडलं. खानदेशात नदीकाठी काळ्या मातीत चुनखडीचे खडे सापडतात. त्यांत मुळातच थोडी चिकणमाती असते, त्यामुळे त्यांचा चुना आपणहून थोडा पाणधीर होतो. इंग्लंडमध्ये जॉन स्मीटन १७५६ ते १७५९ या काळात एडिस्टनच्या खडकावर दीपगृह बांधत होता, तेव्हा चिकणमाती असलेल्या चुनखडीचा चुना पाण्याखाली थिजतो हे त्याने पाहिलं आणि नोंदलं. लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने २१ ऑक्टोबर १८२४ रोजी पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं. पुढे १८४० च्या दशकात भट्टीचा ताव वाढवून चुनखडी आणि माती वितळायच्या बेतापर्यंत भाजायला लागले आणि आजचं सिमेंट तयार झालं. आज तो ताव सुमारे १,४५० अंश सेल्सिअस असतो. भारतात पोरबंदरला १९१४ मध्ये त्याचं उत्पादन सुरू झालं. आज आमच्या जळगावजवळ नशिराबादला सिमेंट दळलं जातं, आणि भुसावळच्या दीपनगरला कोळसा जळून जी राख उरते तसली राख सिमेंटात सुरखीचं काम करते. रसायनशास्त्राच्या बाजूने पाहिलं तर किल्ल्यातला चुना आणि टिपाडातलं सिमेंट एकाच घरचे आहेत.

म्हणूनच हे काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी जुन्या भिंती तपासल्या. प्रयोगशाळेत सिमेंटचा ठोकळा फार तर काही वर्षं पाण्यात ठेवता येतो. तीनशे वर्षं कोण थांबणार? ब्रिटनमधल्या हेड्रियनच्या भिंतीतल्या रोमन मसाल्यात कॅल्शियम सिलिकेटचा तोच डिंक शिल्लक आहे का, ते पाहिलं गेलं. जॉर्डनमध्ये मकारिन नावाच्या जागी तर निसर्गानेच सिमेंट भाजून ठेवलं आहे. तिथल्या तेलकट चुनखडीने जमिनीखाली पेट घेतला, सिमेंटातली खनिजं तयार झाली, आणि त्यांतून झिरपणारं कडक अल्कधर्मी पाणी अजून वाहतं आहे. पारोळ्याच्या तटातला एक चमचाभर चुना अशा कुणाच्या सूक्ष्मदर्शकाखाली जावा, ही माझी जुनी इच्छा आहे. वय ठाऊक असलेला, खानदेशाच्या उन्हात तापलेला आणि पावसात भिजलेला तीनशे वर्षांचा नमुना कुठल्याही प्रयोगशाळेत तयार करता येत नाही.

गवंड्याची बोटं ज्याने फाटायची तो दाहकपणाच टिपाडात खरा पहारेकरी असतो. सिमेंटच्या बारीक छिद्रांतलं पाणी इतकं अल्कधर्मी असतं की कोबाल्ट, निकेल आणि प्लुटोनियमसारखे धातू त्यात विरघळत नाहीत, साका होऊन जागीच बसतात. सीझियमला मात्र या दाहकपणाचं काही वाटत नाही. तो मिठातल्या सोडियमच्या जातीचा. पाणी मिळालं की निघाला. त्याला अडवायला सिमेंटात माती घालावी लागते: बेंटोनाइट, व्हर्मिक्युलाइट, झिओलाइट. आमच्या काळ्या रानाला उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसात त्या मिटतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती माती फुगते कारण तिचे कण पानांच्या चळतीसारखे असतात आणि पानांमध्ये पाणी शिरतं. बेंटोनाइट याच कुळातला. अशा पानांच्या फटींत सीझियम जाऊन बसतं आणि सहज सुटत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने सिमेंटात व्हर्मिक्युलाइट घालून रेझिनचे मणी बांधायच्या पाककृती बसवल्या, त्या याच तत्त्वावर.

पाककृती हा शब्द मी मुद्दाम वापरतो. प्रत्येक कचऱ्याला वेगळं प्रमाण लागतं. चुन्यात गूळ चालतो, पण सिमेंटात चिमूटभर साखर पडली तर माल थिजत नाही, हे बांधकामावरच्या कुठल्याही मुकादमाला विचारा. कचऱ्याच्या पाण्यात असे बरेच चोर असतात. बोरॉनचे क्षार थिजणं लांबवतात. यंत्रं धुवायला वापरलेलं सायट्रिक किंवा ऑक्झॅलिक आम्ल गोंधळ घालतं. कपडे धुतलेल्या पाण्यातला साबण फेस करून ठोकळा सच्छिद्र करतो. रेझिनचे मणी पुन्हा ओले झाले की फुगतात आणि घट्ट झालेला गोळा आतून फोडतात, म्हणून ते बेताने घालावे लागतात. शिवाय सिमेंट थिजताना तापतं. दोनशे लिटरचा गोळा मधोमध चांगलाच गरम होतो आणि तडकू शकतो. तिथे लोखंडाच्या भट्टीतली मळी दळून घातली की ताप कमी होतो. यंत्राचं पातं टिपाडातच फिरवून माल कालवतात, माणूस लांबून पाहत असतो. मग झाकण लावून ठेवून द्यायचं, आमच्या गवंड्याच्या चुन्यासारखं. नमुन्याचे ठोकळे पाण्यात बुडवतात, ठरलेल्या दिवशी पाणी बदलतात आणि काढलेल्या पाण्यात किती किरणोत्सार उतरला ते मोजतात.

मध्यंतरी बऱ्याच जणांना सिमेंटपेक्षा डांबर बरं वाटलं होतं. डांबरात पाणी शिरत नाही, आणि एका पिंपात जास्त कचरा मावतो. फ्रान्स, बेल्जियम, जपान या वाटेने गेले. आपल्याकडेही ते वापरलं गेलं. पण डांबर जळतं. ११ मार्च १९९७ रोजी जपानच्या तोकाई इथल्या डांबरीकरणाच्या कारखान्यात सकाळी आग लागली, रात्री स्फोट झाला आणि ३७ कामगारांच्या शरीरात थोडा किरणोत्सार गेला. सिमेंटचा गोळा पेटत नाही. ओबडधोबड, जड, जागा खाणारं सिमेंट पुन्हा पुढे आलं ते या गुणामुळे.

महाराष्ट्रात या सगळ्याची दोन घरं आहेत. तुर्भ्याला ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही भारतातली पहिली अणुभट्टी सुरू झाली आणि तिच्यामागोमाग कचऱ्याचं कामही आलं. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. भारताने कचरा देशभर फिरवायचा नाही असं ठरवलं. ज्या केंद्राचा कचरा त्याच्याच आवारात पुरायचा. सुरुवातीला दगडांनी बांधलेले मातीचे चर होते. नंतर लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटचे चर आले, चार-पाच मीटर खोल, आतून-बाहेरून पाणी अडवणारा लेप दिलेले, भरल्यावर काँक्रीटच्या लाद्यांनी झाकलेले. जास्त तीव्र मालासाठी जमिनीत उभे पोलादी नळ, भोवती काँक्रीट. त्यांना टाइल होल म्हणतात. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये आलं, कचऱ्याच्या विल्हेवाटीचे नियम १९८७ मध्ये. दवाखान्यांतली, कारखान्यांतली, लासलगावच्या कांद्यावर किरणं सोडणाऱ्या केंद्रातली वापरून संपलेली कोबाल्टसारखी द्रव्यंही सांभाळून परत करावी लागतात. त्यामुळे हा प्रश्न भट्टीच्या कुंपणापुरता नाही.

सिमेंट तीनशे वर्षं टिकेल असं मला वाटतं. तट पाहिल्यावर तसं वाटायला आधार आहे. चिंता मला दुसऱ्या गोष्टीची आहे. फ्रान्ससारखा तीनशे वर्षांचा हिशेब दोन पायांवर उभा आहे. एक पाय सिमेंटचा, दुसरा पहाऱ्याचा. तेवढा काळ तिथे कुणीतरी असेल, कुंपण राहील, कुणी विहीर खणणार नाही, घर बांधणार नाही, असं त्यात गृहीत धरलं आहे.

पारोळ्याच्या किल्ल्याचा पहारा किती टिकला? जहागीर इंग्रजांनी जप्त केली आणि १८५९ मध्ये किल्ल्याची पाडापाड केली. १७२७ पासून १३२ वर्षं. आधी १८१८ मध्ये खानदेश पेशव्यांकडून इंग्रजांकडे गेला होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. मग स्वातंत्र्य, मग १९६० मध्ये महाराष्ट्र, आणि पूर्व खानदेशाचं जळगाव झालं. चुना तोच राहिला, पण दाराशी उभं राहणाऱ्या माणसाचा धनी किती वेळा बदलला! १७२७ मध्ये कुणी त्या दारावर 'इथे खणू नका' असं लिहून ठेवलं असतं तर कागदावर ते मोडीत असतं. आज पारोळ्यात मोडी वाचणारे किती निघतील? फ्रान्सने मांशच्या केंद्राची कागदपत्रं शतकानुशतकं टिकणाऱ्या खास कागदावर छापून दोन ठिकाणी ठेवली आहेत. कागद टिकेल. वाचणाऱ्याची हमी कागद देत नाही.

आणि विसरायला तीनशे वर्षं लागतही नाहीत. दिल्लीत एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत कोबाल्ट-६० चं यंत्र वर्षानुवर्षं वापराविना पडून होतं. २०१० मध्ये ते भंगारात विकलं गेलं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं आणि एक कामगार किरणोत्साराने मेला. सुशिक्षित माणसांच्या जागेत, एका पिढीच्या आत, त्या पेटीत काय आहे ते विसरलं गेलं.

तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठवली गेली. त्या माणसांच्या हालांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. पण इथल्या विषयापुरतं एक म्हणतो. जागेची आठवण शेजारी ठेवतात. कार्यालयं बदलतात, बदल्या होतात, खाती एकमेकांत विलीन होतात. कुठल्या वावरात कुठे खड्डा होता ते शेजारच्या वावरवाल्याला ठाऊक असतं. शेजार उठवला की आठवणीचा मोठा साठाच उठतो.

पेवाबद्दल आणखी एक सांगायचं राहिलं. बंद पेवात विषारी हवा साचते. ते उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आधी दोरीने दिवा सोडायचा आणि तो विझतो का पाहायचं, हे कुठल्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं. बापाने करताना मुलाने पाहिलेलं असायचं. आमच्या गावची जहागीर गेली, पण बालाजीचा रथ आश्विनात अजून निघतो. त्याच्या चाकाला मोगरी, म्हणजे लाकडी पाचर, कुणी कुठल्या वळणावर लावायची ते लहानपणापासून पाहून पाहून पाठ होतं.

तारापूरच्या चरांभोवती जमिनीत बोअर घेतलेले आहेत. त्यांतलं पाणी ठरावीक काळाने काढून तपासतात. चरातून काही निसटलं तर आधी तिथे दिसावं म्हणून. मला वाटतं, त्यातला एक दिवस ठरवून द्यावा. पावसाळा संपल्यावरचा, तिथीने ठरलेला. त्या दिवशी आसपासच्या गावांतल्या शाळेतल्या पोरांना कुंपणाच्या आत न्यावं, एका बोअरचं पाणी त्यांच्यासमोर उपसावं, मोजणारं यंत्र त्यांच्या हातात द्यावं, आणि आलेला आकडा त्यांनीच वहीत लिहावा, गेल्या वर्षीच्या पोरांनी लिहिलेल्या आकड्याखाली.